राजाची छबी

चंद्रगडच्या राजाने दवंडी पिटून बाजारातले चांदीचे रुपये बंद केले आणि आपली छबी असलेलं जस्ताचं नाणं काढलं. पण ते कुणी घेईना. दुकानं मिटली, चुली थंडावल्या.

चिडलेला राजा स्वतः बाजारात आला. मीठ विकणाऱ्या कोंडाईपुढे नाणं आपटून म्हणाला, "यावर माझा चेहरा आहे, तरी घेत नाहीस?"

"घेतलं होतं, महाराज," कोंडाई म्हणाली. "जकातनाक्यावर तेच दिलं, तर तुमच्या कारकुनाने फेकून दिलं. चांदीच मागितली. तुमचाच माणूस तुमचा चेहरा ओळखेना, तर मी कशी ओळखू?"

जकात चांदीतच घ्यायची, हा गुपचूप दिलेला हुकूम राजाचाच होता. त्याने तो तिथेच मागे घेतला, आणि आपटलेलं तेच नाणं देऊन कोंडाईकडून मीठ घेतलं.