एका खड्याची जागा

त्या राज्यात नदीच्या अलीकडची अक्षरं पलीकडे वाचता येत नसत. म्हणून प्रत्येक पत्र आधी काठावरच्या लेखनशाळेत यायचं आणि ठरलेल्या साच्यानुसार पलीकडच्या अक्षरांत नव्या पानावर उतरायचं. साचा फार जुना होता. त्यातलं शेवटचं कलम असं होतं: रिकामं दिसेल ते गाळावं.

लेखनशाळेचा प्रमुख धवलू बगळा याच कलमावर जीव टाकी. कितीही ऐसपैस पत्र असो, त्याच्या नजरेखालून गेलं की ओळीला ओळ भिडून सुबक बाहेर पडे. एकही शब्द कधी बदलला नाही, हा त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

एका हिवाळ्यात खडकाळ काठावरच्या म्हाताऱ्या टिटव्याचं पत्र आलं, पलीकडे नांदणाऱ्या लेकीसाठी. ‘तुझी आई’ असं लिहून खाली अर्धं पान कोरं. मग, ‘तुझा बाप. ये.’

नक्कल करणारी मुंगी घुटमळली. “बुवा, एवढी जागा उगीच नसेल सोडली.”

“कोऱ्या जागेत ती वाचणार काय? साचा बघ आणि हात चालव.”

टिटव्या मरण लिहीत नाहीत. गेलेल्याच्या नावाखाली जागा सोडतात. बगळ्याला हे ठाऊक नव्हतं. कुणाला विचारावं असं वाटलंही नाही, ही खंत त्याला पुढे जन्मभर पुरली.

लेकीला मिळालं ते एकाच ओळीचं पत्र: ‘तुझी आई तुझा बाप. ये.’ दोघं खुशाल आहेत म्हणून ती निर्धास्त झाली. ‘ये’ तर बाप दर पत्रात लिहीतच असे. पिल्लं उडती झाल्यावर, ऐन उन्हाळ्यात, ती निघाली. लेखनशाळेपाशी विसावली तेव्हा तिच्या पायांत सावरीचा कापूस होता.

“आईला घरट्यात मऊ लागतं, बगळेकाका,” ती म्हणाली. बगळा कौतुकानं तिला पोचवायला गेला.

काठावर टिटवा एकटाच होता.

“सात दिवस तिला झाकून बसलो, पोरी. तुला शेवटचं बघता यावं म्हणून. पत्रात जागा सोडली होती की.”

“कुठं, बाबा?” तिनं जपून आणलेलं पान पुढे केलं. टिटव्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. फार सुबक होतं.

बगळ्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं मान खाली घातली. समोर वाळूत आईच्या मातीभोवती खड्यांचं कडं होतं, सग्यासोयऱ्यांनी एकेक ठेवलेल्या खड्यांचं. लेकीच्या खड्यापुरती जागा तेवढी मोकळी राखलेली. ती फट दिसताच सवयीनं त्याची चोच खडे एकमेकांना भिडवायला पुढे झाली, आणि अर्ध्यावर थबकली.