धामणखिंडीतले दगड

श्रावण वद्य षष्ठीला, सूर्योदयानंतर घटकाभरात, धामणखिंडीखालची दरड सुटली. त्या वेळी येसोबा महाराज खिंडीतच, दगडांच्या ढिगाजवळ बसले होते.

धामणवाडी पूर्वी कड्याच्या पायथ्याशी होती. तीन पिढ्यांमागे दरडीने ती गाडली. वाचलेल्यांनी वर पठारावर घरे बांधली. तेथे वारा फार, पाणी थोडे. तरी खाली कोणी परतले नाही. खिंड ओलांडणारा प्रत्येक जण गाडलेल्यांसाठी ढिगावर एक दगड ठेवी.

हैबतराव पाटलांनी मात्र जुन्या झऱ्यापलीकडची सपाट जमीन पाहून खालीच घर बांधले. कोंडाई धनगरीण रोज दगड नेताना दिसली की ते हसत.

"कोंडे, दगड वाहून देव भेटता, तर पाथरवट केव्हाच वैकुंठाला गेले असते!"

"देवाला न्हाई, पाटील. खालच्यांची नावं कुणाला ठावं न्हाईत, म्हणून दगड."

पंचमीच्या संध्याकाळी महाराज म्हणाले, "कोंडाई, आज दगड ढिगावर नको. खिंडीपासून पाटलांच्या दारापर्यंत मांड."

"कुत्रं सोडत्याल अंगावर, महाराज."

"सोडू देत."

तिची टोपली झऱ्यापाशीच संपली. पाटील ओसरीवरून ओरडले, "आमचं घरही ढिगात घालतेस काय गं?" ती रडत परतली. "पुरले न्हाईत, महाराज." महाराज ढिगाजवळ जाऊन बसले.

सकाळी धुके इतके, की स्वतःचा हात दिसेना. कडा गरजला. पाटलांच्या घरची माणसे बाहेर धावली, तो उंबऱ्याशीच पायाला दगड लागला. पुढे दुसरा, तिसरा. दगड चाचपत नऊ जण खिंडीत पोहोचले आणि मागे घर गेले. काय सांगावी ती करुणा! खिंडीतला पुरुषभर उंच ढीग नाहीसा झाला होता. तेथे नुसती ओली माती होती.

हैबतराव कोंडाईच्या पायांशी वाकले. ती मागे सरली. "महाराजांच्या पडा, दादा."

"माझ्याही नको," महाराज म्हणाले. "खालच्यांच्या पडा. ते उठून आले."

पाटलांनी त्या मातीवर कपाळ टेकले.

त्यांचा धाकटा भाऊ रायाजी बैल सोडायला गोठ्याकडे वळला होता. तो आला नाही. महाराजांनी पाटलांच्या हाती एक दगड दिला. "ठेवावासा वाटेल तेव्हा ठेवा."

आज अकरावा दिवस. खाली उकरणे चालू आहे. दगड पाटलांच्या हातातच आहे.