न पुसलेली फळी

“ते सगळं खरं, आबा. पण लावता काय तुम्ही त्याला?”

सुदन तिसऱ्यांदा तेच विचारत होता.

धाकूआबा होडीच्या मागच्या अंगाला चिखलात बसून पंखा पुसत होते. हातात ओल्या गोणपाटाचा तुकडा. दत्तजयंतीची पौर्णिमा होती. अशा ओहोटीला खाडी पार आटते आणि एरवी पाण्याखाली असणारा पंखा उघडा पडतो. आबांच्या होडीचा पंखा पितळेचा. देवघरातल्या तांब्यासारखा लखलखत होता, एकही शिंपला चिकटलेला नाही.

“काही नाही लावत.”

“काहीच नाही?”

“नाही.”

सुदन हसला. “ठेवा लपवून. मी काही तुमचा वाटा मागत नाही.”

मी पलीकडे जाळं सांधत बसलो होतो. ही दोन माणसं कोण, ते सांगतो.

तीस वर्षं बेटावरचं आजारी माणूस पलीकडच्या इस्पितळात न्यायचं, ते धाकूआबांच्याच होडीतून. बाळंतीण असो, साप चावलेला असो. तीन वर्षांपूर्वी गावानं नवी फायबरची होडी घेतली. तिच्यावर सुदन. शिकलेला पोरगा, इंजिनाचा कोर्स केलेला. तेव्हापासून आबांना कोणी हाक मारली नाही. तरी त्यांची होडी धक्क्याला तयार उभी असायची. रोज.

“तू काय काय लावलंस?” आबांनी विचारलं.

“तीन हात रंग. पंख्याला वेगळा, दांड्याला वेगळा. वरून ग्रीस. कोणी म्हणालं, रंगात मिरचीची पूड घाल. तीही घातली.”

“मग?”

“मग काय! शिंपले आणखी धरले.”

“आपल्याच खाडीतले शिंपले ते. तिखटाला काय घाबरणार?”

सुदनला हसू आलं, पण टिकलं नाही.

“होडी उभी किती दिवस असते?” आबांनी विचारलं.

“कोणी आजारी पडलं तरच निघते. कधी वीस दिवस, कधी महिना.”

“उभ्या होडीलाच धरतं...”

“पंधरा दिवसांपूर्वी सगळं खरवडून काढलं, आबा. पुन्हा धरलंय. उद्या कोणाला न्यायची वेळ आली तर?”

आबांनी गोणपाट पिळलं. “बस. चहा आणतो.”

ते खोपटाकडे गेले. सुदन होडीभोवती फिरला. मागच्या बाजूला एक दोरी लोंबत होती. तिच्या टोकाला हातभर लांबीची फळी, चिखलात पडलेली. त्यानं ती उचलली. एक बाजू गुळगुळीत. दुसरी बाजू शिंपल्यांनी अशी भरलेली, की लाकूड दिसेना.

“बघा काका,” तो मला म्हणाला, “पंखा आरशासारखा, आणि फळीची ही दशा. म्हातारे झाले हो आबा.”

खिशातून त्यानं लोखंडी पट्टी काढली. नवी कोरी. फळी गुडघ्यावर घेतली आणि करकर खरवडायला लागला.

अरे थांब, असं मी म्हणणार होतो. माझा शब्द ओठांवर यायला वेळ लागतो. तो आला, तोवर फळी साफ झाली होती.

आबा कोऱ्या चहाचे दोन पेले घेऊन आले. पाहिलं. उभे राहिले...

“तेवढीच सेवा, आबा,” सुदन म्हणाला.

आबांनी पेले होडीच्या काठावर ठेवले. फळी हातात घेतली. झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा, तसा तिच्यावरून तळहात फिरवला.

“सगळ्यात मोठा केवढा होता?”

“कोण?”

“शिंपला.”

“बघितलं नाही.”

“हं...”

“काय झालं, आबा? चुकलं का काही?”

आबा खाली बसले.

“पंखा पाण्यात, मी वर. मला काय दिसतंय? म्हणून ही फळी. पंख्याइतक्याच खोल सोडलेली. ही गुळगुळीत बाजू मी रोज हातानं बघतो. रव्यासारखं काही लागलं की समजायचं, पंख्यालाही लागलं. तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही, हातालाच कळतं. कमरभर पाण्यात उतरायचं आणि गोणपाट फिरवायचं. निघून जातं. चिंचोक्याएवढं झालं की मग लोखंड लागतं. लोखंडाचे ओरखडे पडतात. पुढच्या वेळी ते आधी ओरखड्यातच येऊन बसतं.”

सुदनला स्वतःचा पंखा आठवला असावा. त्यानं पट्टी खिशात घातली.

“आणि मी खरवडली ती बाजू?”

“तिला गणपतीपासून हात लावला नव्हता.”

“का?”

“सकाळी पाणी गार असतं रे. वाटतं, आज राहू दे. उद्या बघू.” आबांनी फळी उलटी केली. “तसं वाटलं, की ही बाजू बघायची.”

पाणी परतायला लागलं होतं. खेकड्यांची बिळं एकेक करून भरत होती.

“आबा...” सुदनचा आवाज एकदम बारीक झाला. “होडी रखडली त्या दिवशी आत माझी आई होती.”

हे गावाला ठाऊक होतं. तिला अर्धांगाचा झटका आला होता. वीस मिनिटांची खाडी. त्या दुपारी पाऊण तास लागला. पंख्याला शिंपले धरलेले; इंजिन ओरडत होतं आणि होडी जागची हलत नव्हती. आई वाचली. डावा हात अजून उचलत नाही.

“डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.”

“हं.”

“तुमची होडी शेजारीच उभी होती. चार हातांवर. मी हाक मारली नाही.”

आबांनी फळी मांडीवर ठेवली.

“एवढी नवी होडी माझी, एवढं ताकदीचं इंजिन. आणि तुम्हांला हाक मारू? आई आत पडलेली, आणि मला हे सुचत होतं, आबा.”

तो आबांकडे बघेना. पाण्याकडे बघत राहिला. पोरगा तोंडाळ आहे, पण त्या क्षणी मला तो आवडला.

आबा म्हणाले, “तुझ्या इंजिनाचा आवाज मी ऐकला होता.”

सुदननं मान वर केली.

“जेवत होतो. आवाज जड आला. पंखा पाणी कापत नाही, हे लगेच कळलं. हात धुतला. दारापर्यंत आलो...”

“मग?”

“हाक येते का, बघत उभा राहिलो.”

माझ्या हातातली सुई थांबली.

या माणसाच्या शेजारी बसून मी तीस वर्षं जाळी सांधली आहेत. आषाढातल्या लाटांत त्यांना होडी लोटताना पाहिलंय. कोणी दिलेला नारळही घरी नेताना पाहिलं नाही, तो इस्पितळाच्या पायरीवर ठेवून यायचे. बेटावरच्या बाया त्यांना देवमाणूस म्हणतात, तेही ऐकलंय. पण ही दाराची गोष्ट त्यांना कोणी विचारली नव्हती. न सांगते तर कोणाला कधी कळलीही नसती. त्यांनी ती स्वतःच्या हातानं उचलून उन्हात ठेवली, आणि तीस वर्षांत मला ते कधी एवढे मोठे दिसले नव्हते.

सुदन पंख्याजवळ येऊन बसला.

आबांनी त्याचा हात धरला आणि पंख्यावर ठेवला. एका पात्यावरून, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून तो सावकाश फिरवला. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. मग त्यांनी दोरीची गाठ सोडली आणि फळी त्याच्या हातात दिली.

“घेऊन जा. पंख्याइतकी खोल सोड. एक बाजू रोज हातानं बघ.”

“दुसरी?”

“तिला तुझं लोखंड दाखवू नकोस.”

सुदननं फळी छातीशी धरली. दोन पावलं गेला आणि वळला.

“पण आबा, तुमची फळी मला दिलीत. आता तुमच्या पंख्याला काय धरतंय, ते तुम्हांला कसं कळणार?”

आबांनी निवलेल्या चहाचा पेला त्याच्यापुढे केला.

“रोज सकाळी येत जा. आपण दोघं एकाच पाण्यातले... तुला बघून मला कळेल.”