भोंग्याच्या पलीकडचे घर

कबड्डीच्या मैदानांवर ज्यांच्या आवाजाने दोन पिढ्या वाढल्या, असे काशिनाथ नाना नावाचे एक वृद्ध निवेदक होते. घसा थकल्यावर त्यांनी ध्वनिक्षेपक आपल्या शिष्याच्या, जयेंद्रच्या हाती दिला. शिष्य बुद्धिमान होता, वाणी तेजस्वी होती आणि शब्द त्याला कधी शोधावा लागत नसे. चढाई करणारा खेळाडू मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीच जयेंद्रच्या तोंडून असे काही वाक्य निघे, की मैदान हसून लोटपोट होई. पाहता पाहता त्याची कीर्ती तालुक्यातून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून शहरातल्या वाहिनीपर्यंत गेली.

बऱ्याच वर्षांनी गावच्या क्रीडा मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. अंतिम सामन्यापूर्वी मोठ्या पडद्यावर त्याच्या गाजलेल्या निवेदनाचे तुकडे दाखवायचे होते. उपांत्य सामन्याच्या दिवशी दुपारी जयेंद्र नानांना निमंत्रण द्यायला गेला आणि हौसेने मोबाईलवर ते तुकडे ऐकवू लागला.

त्यांतला एक सर्वांत प्रसिद्ध होता. बऱ्याच वर्षांपूर्वी गावच्याच मैदानावर अंतिम सामन्याची शेवटची चढाई रोहिदास नावाच्या स्थानिक खेळाडूकडे होती. त्याने गडी टिपला, पण परतताना मध्यरेषा हातभर अंतरावर असताना तो पकडला गेला आणि गावचा संघ हरला. त्या क्षणी जयेंद्र म्हणाला होता, "रोहिदासने दम आईच्या पदराला बांधून ठेवला, आणि मैदानात आला रिकामाच!" पुढचा हशा ध्वनिमुद्रणातही बराच वेळ ऐकू येत होता.

नाना हसले नाहीत. त्यांनी काठी घेतली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "आजचा सामना आपण दुसरीकडे बसून ऐकू. चल."

"दुसरीकडे म्हणजे? नाना, मंडळाने पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवल्या आहेत."

"राहू देत रिकाम्या."

गुरूंना पुन्हा विचारण्याचा प्रघात नसल्याने शिष्य मुकाट्याने मागे चालू लागला. मैदानाला वळसा घालून ते एका कौलारू घरापाशी आले. खांबावरचा भोंगा या घराच्याच दिशेला होता. आत एक वृद्ध स्त्री कोथिंबीर निवडत बसली होती. रोहिदासची आई, भागीरथीबाई. नानांना पाहून तिने सतरंजी अंथरली.

तेवढ्यात भोंगा खरखरला आणि सामना सुरू झाल्याची घोषणा झाली. भागीरथीबाई उठली. तिने मैदानाकडची खिडकी लावली, मग दार लोटले आणि ती पुन्हा कोथिंबीर निवडायला बसली. बाहेर उन्हाळा मी म्हणत होता. घरात क्षणात कोंडल्यासारखे झाले.

"मावशी, उकडतंय फार. खिडकी असू द्या की," जयेंद्र म्हणाला.

कोथिंबिरीवरचा तिचा हात थांबला. तिने या माणसाला कधी समोरून पाहिले नव्हते. पण आवाज तिने ओळखला.

"तुम्ही ते बोलणारे ना?" तिने विचारले.

जयेंद्रने होकारार्थी मान हलवली.

"आवाज चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "म्हणून तर इथवर स्वच्छ ऐकू येतो. त्या दिवशी मी याच खिडकीत उभी होते. रोहिदासचं नाव आलं की मला बरं वाटायचं. कबड्डीतलं मला काही कळत नाही, पण नाव कळायचं. मग तुम्ही पदराचं बोललात आणि सगळे हसले. पुढं पोरंसोरं त्याला 'पदर' म्हणूनच हाक मारायची. मी बाजारात गेले तरी माझ्या पदराकडं बघून हसायची. त्यानं खेळ सोडला. मला वाटतं, माझ्यापायी त्याला लाज आली."

"त्याने तसे कधी म्हटले?" नानांनी विचारले.

"नाही हो. तो काहीच बोलत नाही. मीही विचारलं नाही."

इतक्यात रोहिदास आला. दूध संकलन केंद्रावरचे काम आटोपून तो परतला होता. त्याचे केस आता विरळ झाले होते. त्याने जयेंद्रला ओळखले, क्षणभर थबकला आणि मग पाहुण्यांना चहा दिला का, असे आईला विचारले. ती चहा टाकायला आत गेली.

जयेंद्र हात जोडून म्हणाला, "रोहिदासभाऊ, त्या दिवशी माझ्या तोंडून—"

"जाऊ द्या," रोहिदासने त्याला मध्येच थांबवले. "हरलो होतो ते खरंच होतं. चिडवणारे चार दिवस चिडवतात. खेळणाऱ्याची कातडी तेवढी जाड असते."

"मग खेळ का सोडलात?"

रोहिदासने स्वयंपाकघराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "आधी आई प्रत्येक सामन्याला खिडकीत उभी असायची. त्यानंतर भोंगा लागला की दारं-खिडक्या लावून आत बसायला लागली. पुढचा सामना मी जिंकलो, तर तेही तिला माहीत नाही. मग म्हटलं, कोणासाठी खेळायचं?"

चहा आला. चौघे तो घेऊ लागले. बाहेर कोणीतरी गुण मिळवला असावा, कारण बंद दारातूनही गलका ऐकू आला. जयेंद्रचे तिकडे लक्ष नव्हते. एका वाक्यामुळे शेजारी शेजारी जेवणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये किती वर्षे भिंत उभी राहिली होती, हे तो पाहत होता.

निरोप घेऊन बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "नाना, हे तुम्ही मला तेव्हाच का सांगितले नाही?"

"तेव्हा मलाही एवढे ठाऊक नव्हते. तो खेळत नाही, इतकेच ठाऊक होते. आज तू तो तुकडा मोठ्या पडद्यावर दाखवणार म्हणालास, तेव्हा वाटले, आधी इथे येऊन पाहावे." नाना काठीवर भार देऊन थांबले. "जयेंद्रा, मैदानात बसलेल्यांना डोळे असतात. त्यांना आपली फारशी गरज नसते. निवेदन ऐकतो तो मैदानात नसलेला माणूस. कोणाची आई, कोणाचा आजारी बाप. आपण त्यांना त्यांच्या माणसाची खबर देत असतो. ती खबर चांगली असो वा वाईट, ती त्यांच्या दारात उभे राहून सांगतो आहोत अशा रीतीने सांगावी. हशा मैदानातच राहतो. शब्द मात्र पुढे जातो."

जयेंद्र एकटाच मागे फिरला. दार उघडून तो दोघांच्या समोर बसला आणि त्याने आईला मुलाचे म्हणणे व मुलाला आईचे म्हणणे सांगितले. त्यात एकही शब्द त्याने स्वतःचा घातला नाही.

भागीरथीबाईने मुलाकडे पाहिले. "पुढचा सामना जिंकला होतास?"

"हो."

"किती चांगलं झालं असतं रे, मला कळलं असतं तर."

रोहिदास आईच्या शेजारी जाऊन बसला. ज्या वयात चढाई करता येते ते वय मागे पडले होते, आणि ते तिघांनाही ठाऊक होते.

जयेंद्रने मंडळाला सांगून तो तुकडा काढायला लावला. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्याचे निवेदन त्याने केले, तेव्हा पकडल्या गेलेल्या प्रत्येक खेळाडूचे नाव, गाव आणि त्याने आधी मिळवलेले गुण तेवढे सांगितले. "आज साहेबांच्या बोलण्याला रंग चढला नाही," असे मंडळाचे अध्यक्ष परतताना कोणाला तरी म्हणाले.

पुढे एकदा प्रवासात तो एका टपरीवर चहा घेत उभा होता. बाकावरच्या तरुणांच्या मोबाईलवर तेच जुने वाक्य वाजले आणि ते खदखदून हसले. त्यांनी त्याला ओळखले नाही. ते पुसून टाका, असे सांगावे म्हणून तो पुढे झाला. पण असे किती जणांना सांगणार, हे मनात येऊन तो जागीच थांबला.

दूरवर पोचणारी वाणी ज्याला लाभली आहे, त्याने बोलण्यापूर्वी एकदा तरी मैदानाबाहेरच्या त्या घरात जाऊन बसावे.