आवा कोणी पेटवला

फार मागे, गोदेच्या काठच्या पोतली नगरात सुदंत नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या कुंभारवाड्यात जन्म घेतला होता. त्याचे नाव भद्रक. वयात आल्यावर कुंभारांनी त्याला आव्याचा वडील, म्हणजे कारभारी, केले. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. वाड्यात सगळ्यांचा मिळून एकच आवा होता. ज्याची पाळी त्याने तो राखायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर निवांत राहायचे. मडकी चांगली भाजली तर सगळ्यांची आणि फुटली तरी सगळ्यांची. ‘माझी शाबूत, तुझी फुटली’ असे म्हणायची तिथे रीतच नव्हती.

आणखीही एक रीत होती. आवा पेटवण्याआधी राखेची चिमूट हवेत उधळायची. राख नदीकडे गेली तर खुशाल पेटवा. नगराकडे गेली तर मुकाट्याने घरी जा.

या भद्रकाचा एक मित्र होता, रोहक. दोघे एकाच खाणीतली माती तुडवीत वाढले, एकमेकांवर जीव टाकणारे. आणि रोहकाच्या हाताचे काय सांगावे! त्याचा घट चाकावरून उतरला की पाणवठ्यावरच्या बाया आपल्या घागरी बाजूला ठेवून बघत राहायच्या. त्या हाताचा त्याला थोडा तोराही होता. असायचाच.

चैत्रात एका सावकाराच्या घरी लग्न निघाले आणि रोहकाने लाल घट द्यायचे कबूल केले. पाळी त्याची होती. भद्रकासकट सगळा वाडा माती आणायला नदीपलीकडे गेला होता. रोहकाने राख उधळली. ती गेली सरळ नगराकडे. “एवढ्याशा वाऱ्यानं काय होतंय!” असे म्हणून त्याने आवा पेटवला. वारा वाढला तेव्हा निदान आव्याचे तोंड ओल्या मातीने लिंपायचे होते. पण कोंडलेल्या आगीत मडकी काळी पडतात, हे कुंभाराच्या पोरालाही ठाऊक असते. लग्नाच्या मांडवात काळे घट कोण मांडणार? रोहकाने तोंड उघडे ठेवले. ठिणग्या तटावरून उडाल्या, राजाच्या कोठाराच्या गवती छपरावर पडल्या, आणि नगराचे वर्षाचे धान्य डोळ्यांदेखत जळून गेले. नशीब एवढेच, की माणूस कोणी दगावले नाही.

संध्याकाळी वाडा परतला तेव्हा रोहक म्हणाला, “वारा पडल्यावर पेटवला मी.” त्याचा शब्द कोण पडताळून बघणार? इकडे शिपायांनी कोठाराच्या भिंतीशी बसलेली सामा पकडली. ही म्हातारी गावोगाव हिंडून लाखेच्या बांगड्या भरायची. लाख मऊ करायला जवळ शेगडी ठेवलेली. मग आणखी पुरावा कशाला हवा? चोर सोडून संन्याशाला सुळी, तसली गत! वाऱ्याच्या दिवसांत आग लावून नगराची हानी करील त्याचा उजवा हात तोडावा, असा राजाचा कायदा होता. निवाड्याचा दिवस ठरला.

त्या दिवसापासून रोहकाचा एकही घट चाकावर उभा राहीना. भिंत चढवली की कलंडायची. भद्रक ते बघत होता. निवाड्याच्या आदल्या दिवशी सकाळी दोघे माती तुडवीत असताना रोहक एकदम थांबला. चिखलात रुतलेल्या पायांनी तसाच उभा राहून त्याने सगळे सांगितले. राखेचे, वाऱ्याचे, उघड्या तोंडाचे. “तुला म्हणून बोललो, भद्रका,” तो म्हणाला. “आता हे तुझ्या पोटात राहू दे.”

भद्रक चिखलातून बाहेर आला, नदीकडे निघून गेला आणि काठावर बसून राहिला. गप्प बसलो तर सामाचा हात जातो, बोललो तर रोहकाचा. तोही कसला हात! मित्राने विश्वासाने सांगितलेले चव्हाट्यावर मांडणाऱ्याला मित्र म्हणायचे कोणी? पण दुसऱ्याचा हात तोडून राखलेले गुपित पोटात पचायचे तरी कसे? त्याला रडू आले, आणि तो मनसोक्त रडला. मग तोंड धुऊन परत आला आणि रोहकासमोर उभा राहिला.

“रोहका, उद्या मी दरबारात जाणार. राजाला खरं काय ते सांगणार. तुझ्या पाठीमागं जाऊन नाही सांगत, म्हणून आज तुझ्या तोंडावर सांगतोय. तू बरोबर चल. तूच बोल. मी शेजारी उभा राहीन.”

रोहकाच्या तोंडचे पाणी पळाले. मग तो भडकला. “केसानं गळा कापलास माझा! वैऱ्याला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अरे, कोण कुठली ती म्हातारी, आणि तिच्यासाठी मी हात देऊ?”

“तिलाही एकच उजवा हात आहे, रोहका.”

“चालता हो इथून!”

भद्रक निघाला. त्याने रागावून उत्तर दिले नाही, समजूत घालायला माणसे जमवली नाहीत, की घाबरवलेही नाही. बघा, इथेच त्याचे मोठेपण. मित्र चुकला म्हणून तो त्याला टाकायला तयार नव्हता, आणि मित्र आहे म्हणून चूक झाकायलाही तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दरबाराला जाताना तो रोहकाच्या दारी थांबला. हाक मारली. आतून ओ आली नाही. मग तो एकटाच पुढे गेला.

दरबारात सामाला उभे केले होते. भद्रक पुढे होऊन हात जोडून म्हणाला, “महाराज, ही बाई निरपराध आहे. आग तिच्या शेगडीतून गेली नाही. आमच्या आव्यातून गेली.”

लोकांत एकच गलका झाला. राजाने विचारले, “आवा कोणी पेटवला?”

लहानपणापासून हजारदा ज्या नावाने हाक मारली, ते नाव ओठाशी येऊन दगडासारखे जड झाले. तरी भद्रकाने तोंड उघडले.

“थांब, भद्रका!” मागून आवाज आला. गर्दीतून वाट काढीत रोहक पुढे येत होता. डोळे रडून सुजलेले. “माझं नाव माझ्याच तोंडून निघू दे. महाराज, मी पेटवला. राख नगराकडं गेली होती. मला दिसलं होतं.” आणि त्याने उजवा हात पुढे केला.

भद्रकाला इतका आनंद झाला, की भर दरबारात त्याने मित्राला मिठी मारली.

राजा भद्रकाला म्हणाला, “हा आला नसता तर तू नाव घेतलं असतंस?”

“घेतलं असतं, महाराज.”

“मग याच्या तोंडाकडं कसा बघितला असतास?”

“माझाही हात याच्या हाताशेजारी ठेवला असता, आणि मग बघितलं असतं. आमच्या आव्यात फुटलं ते सगळ्यांचं असतं. आणि वडील मी आहे. वाऱ्याच्या दिवसांत आवा एकट्यावर टाकून मी नदीपलीकडं गेलो, हा दोष माझाच आहे.”

राजा सामाकडे वळला. “बाई, अन्याय तुझ्यावर झाला. तू सांग, याचं काय करू?”

सामाने रोहकाच्या पुढे केलेल्या हाताकडे निरखून बघितले आणि ती म्हणाली, “हात तोडून मला काय मिळणार, महाराज? तुमच्या शिपायांनी माझी शेगडी फोडली. ती तेवढी या हातानं करून दे म्हणावं.”

राजा हसला, आणि त्या हसण्याने दरबाराचा जीव भांड्यात पडला. रोहकाला शिक्षा झाली ती अशी: आधी सामाची शेगडी करून द्यायची, मग नव्या कोठारासाठी जाड मातीचे रांजण घडवायचे, ज्यांतल्या धान्याला आग शिवणार नाही, आणि कोठार भरेपर्यंत दुसऱ्या कोणाचे काम हाती घ्यायचे नाही. भद्रक रोज त्याच्यासाठी माती तुडवायला गेला.

तथागतांनी ही गोष्ट जेतवन विहारात सुजात नावाच्या भिक्षूला सांगितली. आजाऱ्यांसाठी राखलेले तूप आपण खाल्ल्याचे वसभ या सोबत्याने त्याच्याजवळ कबूल केले होते, आणि आळ मात्र एका वृद्ध भिक्षुणीवर आला होता. हे संघापुढे सांगावे की पोटात ठेवावे, असे सुजाताने विचारले होते. गोष्ट संपवून तथागत म्हणाले, “तेव्हाचा राजा म्हणजे तू, सुजाता. सामा म्हणजे ती भिक्षुणी. रोहक तो आजचा वसभ, आणि भद्रक कुंभार मीच होतो.”

सुजाताने वळून बघितले, तर भिक्षूंमध्ये बसलेला वसभ आधीच उठून उभा राहिला होता.

तेव्हा तथागत म्हणाले, “खरे बोलावे, ते आधी मित्राच्या तोंडावर; आणि बोलून झाल्यावर त्याचा हात सोडू नये. भिक्षूहो, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता.”