चिमीच्या दारावर गेमचं मशीन

होता एक रातकिडा. चिंचोक्याएवढा. त्याचं नाव किरू. अंगणात भिंतीपाशी त्याचं बीळ. बिळात त्याची बहीण चिमी. ती तर मोहरीएवढी.

एकदा किरू गवत आणायला गेला. टुणुक टुणुक गेला, टुणुक टुणुक आला. बघतो तर काय, दारच नाही! दारावर उभं एक मशीन. व्हिडिओ गेमचं. उंच, रुंद, धिप्पाड. लाल लाल बटणं, काळा काळा दांडा. त्याला जायचं होतं वरच्या मजल्यावर, शकूकाकूंच्या घरी. जिन्यात ते मावलंच नाही. म्हणून गॅलरीखाली आणून ठेवलं. धप्प! नेमकं बिळावर.

आतून बारीक आवाज आला, "दादा, मला भीती वाटते."

"थांब हं चिमे," किरू म्हणाला. "मी आलोच."

किरू गेला मशीनकडे.

"मशीन मशीन, ऊठ ना. चिमी बाहेर येईना."

मशीन म्हणालं, "मी नाही उठत. दोराने उचललं तर उठेन."

टुणुक टुणुक. किरू गेला गॅलरीवरून लोंबणाऱ्या दोराकडे.

"दोरा दोरा, उचल ना. मशीन उठेना, चिमी बाहेर येईना."

दोर म्हणाला, "मी नाही उचलत. हमालदादांनी ओढलं तर उचलेन."

टुणुक टुणुक. चार हमालदादा सावलीत बसले होते.

"दादा दादा, ओढा ना. दोर उचलेना, मशीन उठेना, चिमी बाहेर येईना."

हमालदादा म्हणाले, "आम्ही नाही ओढत. मुकादममामांनी हाक दिली तर ओढू."

बरोबरच आहे. एकाने आत्ता ओढलं, एकाने मग ओढलं, तर मशीन पडेल ना! हाक आली की चौघांचे हात एकदम.

टुणुक टुणुक. किरू गेला मुकादममामांकडे.

"मामा मामा, हाक द्या ना. हमालदादा ओढेनात, दोर उचलेना, मशीन उठेना, चिमी बाहेर येईना."

मामांचा घसा बसला होता. खर्र खर्र. मामा म्हणाले, "मी नाही हाक देत. शकूकाकूंनी आल्याचा चहा दिला तर देईन."

टुणुक टुणुक. भिंतीवरून वर, वर, वर. दमला, पण थांबला नाही. किरू गेला शकूकाकूंकडे.

"काकू काकू, चहा द्या ना. मामा हाक देईनात, हमालदादा ओढेनात, दोर उचलेना, मशीन उठेना, चिमी बाहेर येईना."

काकूंच्या कडेवर बाळ रडत होतं. काकू म्हणाल्या, "मी नाही चहा देत. बाळ गप्प झालं तर देईन."

"बाळा बाळा, गप्प हो ना. काकू चहा देईनात, मामा हाक देईनात, हमालदादा ओढेनात, दोर उचलेना, मशीन उठेना, चिमी बाहेर येईना."

बाळ काहीच म्हणालं नाही. नुसतं रडलं. ट्यँ ट्यँ.

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. किरूलासुद्धा रडू आलं. पण तो रडला नाही हं. खिडकीत बसला. पंखावर पंख घासला. आणि गायला लागला. किर्र किर्र, किर्र किर्र. केवढासा जीव, पण आवाज घरभर!

बाळ थांबलं. बाळाने ऐकलं. बाळ गप्प झालं.

बाळ गप्प झालं, काकूंनी चहा दिला. मामा चहा प्यायले, भुर्र भुर्र. मामांनी हाक दिली, "हैय्या हो!" हमालदादांनी ओढलं. काय ते हात! चौघांचे जणू एकच. दोराने उचललं. मशीन उठलं. वर, वर, वर. अलगद गॅलरीत टेकलं. एक ओरखडासुद्धा नाही.

खाली दार मोकळं झालं. किरूने वरून उडी मारली. टुण्णकन! चिमी बाहेर आली. तिचे डोळे कोरडेच होते.

"खूप घाबरलीस का गं?" किरूने विचारलं.

"आधी घाबरले," चिमी म्हणाली. "मग तू गायलास ना, दादा. मला आत ऐकू आलं."