मातीवर कोणतं कलम?

रानात कायदा नवा होता तेव्हाची गोष्ट. खारीनं पुरलेली आंब्याची कोय तिला सापडेना. मान खाली घालून कित्येक वर्षं तिनं जमीन हुंगली. शेवटी तिनं न्याय करणाऱ्या म्हाताऱ्या गव्याला तिथं बोलावलं.

"गवेदादा, मातीनं माझी कोय चोरली. तिला चोरीचं कलम लावा!"

गव्यानं मातीला विचारलं, "कोय घेतलीस?"

"घेतली."

"न विचारता?"

"न विचारता."

"झालं तर!" खारीनं शेपटी फुलवली.

"थांब. स्वतःसाठी घेतली, तरच ती चोरी. माती, तू काय ठेवलंस?"

तेवढ्यात खारीपुढं पिकला आंबा टपकन पडला. तिनं पहिल्यांदाच मान वर केली. आभाळभर झाड, आणि त्यावर आंबेच आंबे!

गवाही वरच बघत होता. हलकेच म्हणाला, "कोयीतून उगवलेला रायवळ हा. याला कलम लागत नाही, खारूताई."